वाण्याची वही आणि कोटातली चिप

मंडळी, प्रश्न माझ्या आईचा आहे. उत्तर देण्याची जबाबदारी माझ्यावर आली आणि ते देता देता हा लेख झाला.

गेल्या डिसेंबरात आई कराडहून आमच्याकडे आली. झुइडओस्टच्या वाऱ्यापुढे कराडचा स्वेटर टिकेना, म्हणून पहिल्याच शनिवारी आम्ही अरेनाशेजारच्या डेकॅथलॉनमध्ये गेलो. आईसाठी जाड जाकीट, हातमोजे आणि लोकरी टोपी घेतली, मुलीसाठी पोहण्याचा चष्मा घेतला. पैसे देण्याच्या जागी माणूस नव्हता, फक्त एक खोलगट भांडे होते. मुलीने सगळ्या वस्तू त्यात टाकल्या आणि क्षणात समोरच्या पडद्यावर किमतींसह यादी उमटली. कुठे काही टिपले नाही, की एकही पट्टी दिव्यासमोर धरली नाही.

आईने भांड्यात डोकावून पाहिले. "अरे, वजनावर करतात का?"

"नाही गं आई, प्रत्येक वस्तूत एक चिप असते."

"मग याला आपण काय घेतलं ते कळलं," ती म्हणाली, "पण आपण कोण आहोत, हेही कळतं का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला येत होते. दुसऱ्याचे उत्तर, वीस वर्षे सॉफ्टवेअर लिहूनही, चटकन देता आले नाही. "तसं नाही, पण तसंही आहे" असे काहीतरी पुटपुटून मी पैसे भरले. आता सविस्तर सांगतो.

चिप बोलते कशी?

आपल्या ओळखीची बारकोडची पट्टी पहिल्यांदा २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ट्रॉय गावच्या एका सुपरमार्केटमध्ये वाचली गेली. वस्तू होती च्युइंगमचे पाकीट. पण बारकोड वस्तूची जात सांगतो, व्यक्ती सांगत नाही. एकाच प्रकारच्या हजार पाकिटांवर तोच बारकोड असतो. जणू शाळेत गुरुजींनी हाक मारावी, "अरे जोशी," आणि वर्गातल्या सहा जोश्यांनी उठून उभे राहावे!

नव्या चिपमध्ये प्रत्येक नगाला स्वतंत्र क्रमांक असतो. दुकानांत सर्रास वापरला जाणारा क्रमांक ९६ बिटांचा आहे. त्यात उत्पादक कोण आणि वस्तू कोणती हे असतेच, शिवाय ३८ बिट केवळ अनुक्रमांकासाठी राखलेले असतात. ३८ बिटांत सुमारे २७,४८८ कोटी वेगवेगळे आकडे मावतात. म्हणजे एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या जाकिटाचे इतके नग निघाले तरी प्रत्येकाची ओळख निराळी राहील.

या चिपला बॅटरी नसते. कागदाच्या किंवा कापडाच्या पट्टीवर वळसे घेतलेली धातूची पातळ रेघ म्हणजे अँटेना, आणि मधोमध मोहरीपेक्षाही लहान चिप. किंमत काही सेंट. वाचक यंत्र रेडिओलहरी सोडते. युरोपात आणि भारतातही त्यांची वारंवारता ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास असते. त्या लहरींतूनच चिपला जागे होण्यापुरती ऊर्जा मिळते. उत्तर देताना ती स्वतः काही प्रक्षेपित करत नाही, आलेली लहर कमीजास्त प्रमाणात परतवते. लहानपणी आपण आरशाने भिंतीवर कवडसा पाडायचो. सूर्य आपला नव्हता, पण आरसा हलवून समोरच्या गच्चीतल्या मित्राला खूण करता यायची. चिप हेच करते. फक्त खुणा सेकंदाला हजारोंनी होतात आणि काही मीटरवरून वाचता येतात.

भांड्यातल्या चारही चिपा एकदम बोलल्या तर गोंगाट होईल. म्हणून वाचक यंत्र आधी सांगते, "प्रत्येकाने मनात एक आकडा धरा." मग ते मोजत जाते आणि ज्याचा आकडा येईल तो बोलतो. दोघांचा आकडा एकच निघाला तर त्यांची पाळी पुन्हा. अशा हजेरीने सेकंदाला शेकडो चिपा वाचून होतात. पाणी आणि धातू हे मात्र या लहरींचे शत्रू. त्यामुळे कपडे, बूट आणि पुस्तके यांत ही विद्या रमली, तर दूध, टोमॅटो आणि डबाबंद छोले अजून बहुतांशी बारकोडवरच आहेत.

आपल्यापैकी बहुतेकांनी ही चिप भारतातही पाहिली आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गाडीच्या काचेला चिकटवलेला फास्टॅग हा हिचाच भाऊ. फेब्रुवारी २०२१ पासून तो देशभर राष्ट्रीय महामार्गांवर सक्तीचा झाला. ओव्ही-चिपकार्ट मात्र चुलत भाऊ म्हणावा लागेल. त्याची वारंवारता १३.५६ मेगाहर्ट्झ असते आणि ते काही सेंटिमीटरवरूनच वाचता येते.

स्वप्ने मोठी, गरज साधी

दुकानदारांनी ही चिप आपल्याला ओळखण्यासाठी आणली असा समज आहे. खरे कारण रुक्ष आहे. दुकानात माल नेमका किती आहे हे दुकानालाच ठाऊक नसते! कॉम्प्युटर सांगतो तीन सदरे शिल्लक, आणि फळीवर एकही नसतो. गिऱ्हाईक निघून जाते. हातात वाचक यंत्र घेऊन दुकानातून एक फेरी मारली की सगळ्या मालाची मोजदाद होते, हा खरा फायदा.

हॉलंडने यात लवकर उडी घेतली. २००६ साली अल्मेरे इथे सेलेक्सीझ या साखळीच्या पुस्तकांच्या दुकानात प्रत्येक पुस्तकाला चिप लावली गेली. सेंट्राल बुकहाउस हे पुस्तकांचे मध्यवर्ती वितरण केंद्र माल पाठवतानाच चिप चिकटवी. खोके न उघडता आतली पुस्तके मोजली जात आणि गिऱ्हाइकाला हवे ते पुस्तक कुठल्या फळीवर आहे ते पडद्यावर दिसे. जगभर या प्रयोगाचे कौतुक झाले. पण ही साखळी २०१२ साली दिवाळ्यात निघाली. पुस्तक कुठे आहे हे चिप सांगू शकते, ते विकत घ्यायला माणूस मात्र ती आणू शकत नाही.

गिऱ्हाइकाला ओळखण्याचे स्वप्नही त्याच काळातले. डिसेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कला प्राडाचे भव्य दुकान उघडले. त्याची रचना रॉटरडॅमच्या रेम कोलहास यांची. कपडा घेऊन कपडे बदलण्याच्या खोलीत गेले की कपाटातले यंत्र चिप वाचून त्या कपड्याचे इतर रंग आणि मापे पडद्यावर दाखवी. नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी चिपची कार्डे होती. काही वर्षांतच यातली बरीच उपकरणे वापराविना पडून असल्याचे नियतकालिकांत छापून आले. गिऱ्हाइकांना कपडे हवे होते, पडदे नव्हे.

त्यानंतर लोक बिथरले. मार्च २००३ मध्ये आपल्या आइंडहोव्हनच्या फिलिप्सने जाहीर केले की बेनेटन कंपनीच्या सिसली कपड्यांत त्यांच्या चिपा शिवल्या जाणार. बहिष्काराची हाक उठली आणि काही आठवड्यांत बेनेटनने पाऊल मागे घेतले. त्याच वर्षी जर्मनीतल्या राइनबर्गला मेट्रो कंपनीने "भविष्यातले दुकान" उघडले. तिथल्या गिऱ्हाइकांच्या कार्डांतही चिप असल्याचे २००४ च्या सुरुवातीला उघडकीस आले. कंपनीचे म्हणणे असे, की चित्रपटांची झलक दाखवण्यापूर्वी वय तपासण्यासाठी ती होती. कारण निरुपद्रवी असेलही. पण कार्ड बाळगणाऱ्यांना ते धड सांगितले नव्हते. लोक रस्त्यावर उतरले आणि कार्डे परत घ्यावी लागली.

जोडणी कुठे होते?

आता आईच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. चिपमध्ये नाव नसते, पत्ता नसतो, असतो तो फक्त एक आकडा. मग दुकानाला आपण कळतो कसे?

समजा, दुकानाकडे दोन तक्ते आहेत. पहिल्यात कुठला चिप-क्रमांक कुठल्या पावतीवर विकला गेला ते आहे. दुसऱ्यात कुठल्या पावतीवर कुठले सवलत-कार्ड वापरले ते आहे. कार्डाला नाव, पत्ता आणि जन्मतारीख जोडलेली आहेच, कारण ती आपणच दिली. दोन्ही तक्त्यांत पावतीचा क्रमांक समान आहे. ते जोडायला प्रोग्रामची एक ओळ पुरते. त्या ओळीनंतर जाकिटाला मालकाचे नाव मिळते. पुढच्या वेळी तेच जाकीट घालून आपण दारातून आत आलो आणि दारातल्या अँटेनाने क्रमांक वाचला, तर दुकानाला कळू शकते की अमुक बाई आल्या, त्यांनी दोन वर्षांपूर्वी जाकीट घेतले, आता नवे दाखवायला हरकत नाही.

असे आज सगळी दुकाने करतात असे मी म्हणत नाही. ही एक ओळ लिहिणे किती सोपे आहे, एवढेच सांगतो. मला ते ठाऊक आहे, कारण मी तिच्या अगदी जवळ जाऊन आलो आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी एका कंपनीसाठी मालाच्या नोंदींची प्रणाली लिहिताना मी विकलेल्या नगांचे चिप-क्रमांक कायमचे जपणारा रकाना ठेवला. माल परत घेण्याची मुदत महिन्याभराची होती, तेवढाच काळ तो क्रमांक लागणार होता. मला तो रकाना ठेवायला कोणी सांगितले नव्हते, आणि कोणी का म्हणून विचारलेही नाही. "असू दे, कधी लागेल," असे म्हणून मी तो ठेवला. आपल्या आया प्लास्टिकच्या पिशव्या घडी घालून ठेवतात, त्याच वृत्तीने. फरक एवढाच की पिशवीतून कोणाचे नाव बाहेर पडत नाही.

डिसेंबरातल्या त्या शनिवारनंतर मी ऑफिसातून हातातले वाचक यंत्र घरी आणले आणि कपाट उघडले. बायकोच्या कोटाच्या शिवणीतल्या पट्टीने उत्तर दिले. मुलीच्या दोन पँटी बोलल्या. माझा एक सदरा कित्येकदा धुऊनही बोलला. हे कपडे तीन-चार वेगवेगळ्या दुकानांतले होते आणि विकताना कुठल्याही दुकानाने चिप मुकी केली नव्हती. यंत्र लावले की दर वेळी तोच आकडा. नाव नाही, मान्य. पण ज्याच्याकडे असे यंत्र आहे त्याला "परवा आलेला कोट आज पुन्हा आला" एवढे कळू शकते. माणूस ओळखायची सुरुवात पुष्कळदा एवढ्यावरच होते.

याला इलाज आहे. या चिपांत एक आज्ञा अशी असते की ३२ बिटांचा परवलीचा आकडा देऊन ती दिली की चिप कायमची मुकी होते. १२ मे २००९ रोजी युरोपीय आयोगाने शिफारसही केली, की गिऱ्हाइकाने स्पष्ट संमती दिली नसेल तर विक्रीच्या वेळीच दुकानदाराने चिप विनामूल्य बंद करावी किंवा काढावी. मात्र धोका संभवत नाही असे तपासणीत आढळले तर ही अट नाही. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, आणि माझ्या कपाटाने ते सिद्ध केले.

चिपेक्षा मोठा फितूर

पण सगळा राग चिपेवर काढणे अन्यायाचे होईल. आपला खरा माग दुसरीच वस्तू देते आणि ती आपण हौसेने खिशात ठेवतो. वायफाय चालू असलेला फोन ओळखीचे जाळे शोधताना आपला क्रमांक पुकारत असतो. डच वैयक्तिक माहिती प्राधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर केले, की ब्लूट्रेस नावाची कंपनी दुकानांत आणि दुकानांभोवती असे क्रमांक टिपते आणि ते कायद्याविरुद्ध आहे. त्यात गिऱ्हाइकेच नव्हे, तर बाहेरून जाणारे आणि शेजारी राहणारेही सापडत होते, आणि तेही चोवीस तास. पुढे फोन बनवणाऱ्यांनी बदलते, खोटे क्रमांक पुकारायची सोय केली, त्यामुळे हा मार्ग बराच अरुंद झाला आहे.

उरते ते सवलत-कार्ड आणि त्याचे फोनमधले ॲप. अल्बर्ट हाइनचे बोनस-कार्ड १९९८ पासून आहे, आपल्यापैकी बहुतेकांकडे असेल. इथे चिप नाही, अँटेना नाही, कसली लपवाछपवी नाही. काही सेंट वाचवण्यासाठी आपणच आपले नाव यादीला जोडतो.

या यादीत काय दिसते ते पाहावे म्हणून मी एका सुपरमार्केटला पत्र लिहिले. मे २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय कायद्याने, ज्याला इथे एव्हीजी म्हणतात, आपल्याबद्दलची माहिती मागण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे आणि साधारणपणे महिन्याभरात उत्तर द्यावे लागते. उत्तर आले, काही वर्षांच्या खरेदीच्या याद्या आल्या. पहिल्यांदा हसू आले, इतके आले खाल्ले आम्ही! मग बायकोने एक गोष्ट दाखवली. दर वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस चारेक आठवडे यादीतून कोंबडी आणि अंडी गायब होत होती. त्यानंतर लगेच नारळ आणि लाल फुले, एरवीच्या कितीतरी पट. आमचा श्रावण आणि आमचे गणपती त्या यादीत स्वच्छ दिसत होते. तारखा दर वर्षी थोड्या सरकत होत्या, त्यावरून पंचांगही ताडता आले असते. आमचा धर्म कोणता, हे आम्ही त्या दुकानाला कधी सांगितले नव्हते.

एवढ्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. आजच्या दुकानाच्या हातात काही बिघडत नाही, फार तर नारळावर सवलत मिळेल. पण आपण राहतो ते शहर कोणते आहे? दुसऱ्या महायुद्धापूर्वी ॲमस्टरडॅमच्या लोकसंख्या-नोंदणीत प्रत्येकाचा धर्म नीट लिहिलेला असे. सोयीसाठी, सद्हेतूने. जर्मन आले आणि त्याच नोंदींवरून ज्यू कुटुंबे शोधली गेली. २७ मार्च १९४३ च्या रात्री इथल्या प्रतिकारकांनी जीव धोक्यात घालून नोंदणी-कार्यालयच पेटवून दिले. यादीला आग लावावी लागली, कारण ती वेळेवर पुसली गेली नव्हती.

हे फार जुने वाटत असेल तर अलीकडचे घ्या. मुलांच्या पाळणाघराच्या अनुदानाचे प्रकरण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. त्यापायी जानेवारी २०२१ मध्ये इथल्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. अर्जदारांच्या दुहेरी नागरिकत्वाची नोंद कर-खात्याने गरज संपल्यावरही ठेवली होती, आणि नागरिकत्वाचा वापर संशयित निवडण्यासाठी केला. डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने त्याबद्दल २७.५ लाख युरोंचा दंड केला. ज्याने कोणी तो रकाना ठेवला असेल, त्यानेही माझ्यासारखेच "असू दे, कधी लागेल" म्हटले असेल काय, हा विचार मला अधूनमधून झोपू देत नाही.

मग करावे काय?

कपडे सोडून वनवासात जावे असे मी सांगणार नाही. आमच्या घरी जे ठरले ते सांगतो.

नवा कपडा पहिल्या धुण्याआधी पालथा करून पाहावा. आत लांबट, किंचित कडक पट्टी असेल, बहुधा कात्रीचे चित्रही असेल. ती कापून टाकावी. पण माल परत करायचा नाही हे नक्की ठरल्यावरच.

सवलत-कार्ड घेताना नाव द्यावेच लागते का, ते विचारावे. नाव न देता मिळत असेल तर तसेच घ्यावे. ॲपमध्ये "तुमच्यासाठी खास" अशी सोय असते, ती नको असेल तर बंद करावी. थेट जाहिरातीसाठी आपली माहिती वापरू नका असे सांगितले की कंपनीला ते ऐकावेच लागते, कारण विचारण्याची मुभा कायद्याने तिला दिलेली नाही.

मुलांच्या बाबतीत अधिक जपावे. नेदरलँड्समध्ये ॲपसारख्या सेवांसाठी १६ वर्षांखालील मुलाच्या माहितीला संमती पालकांची लागते. मुलीने दुकानाचे ॲप मागितले की आम्ही आता आधी शेजारी बसून वाचतो. ती कंटाळते, पण वाचते.

आणि वर्षातून एकदा एखाद्या दुकानाला पत्र लिहून आपली यादी मागवावी. फुकट असते. आपल्या घराकडे बाहेरून पाहायला मिळते.

माझ्यासारखे जे प्रोग्राम लिहितात, आणि आपल्या मंडळात ते निम्म्याहून कमी नसावेत, त्यांना एक विनंती. नवा रकाना लिहिताना तो पुसला कधी जाणार तेही तेव्हाच लिहावे. मी माझ्या जुन्या कंपनीतल्या सहकाऱ्याला फोन करून त्या रकान्याची चौकशी केली. तो अजून आहे आणि भरतो आहे. कशासाठी, हे तिथे आता कोणालाच ठाऊक नाही. काढून टाका, असे मी लेखी कळवले आहे. बघू.

हे सगळे आईला समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "मग आपल्या पेठेतल्या वाण्याला तरी काय कमी माहीत होतं? वहीत सगळं होतं. तुझा बाप उपास कुठले करतो ते, तू आजारी पडलास की साबुदाणा किती जातो ते." खरेच होते ते. मी म्हटले, "पण आई, ती वही तुला दिसायची." ती जरा थांबली. "दिसायची ना. चुकलं असेल तर मी तिथंच सांगायची. आणि पैसे चुकते केले की ते पान काका माझ्यासमोर खोडायचे." आम्हालाही काकांचे सगळे ठाऊक होते, त्यांच्या मुलीचे लग्न कुठे अडले होते तेसुद्धा.

एवढे बोलून आईने जाकीट पालथे केले, पट्टी शोधली आणि नातीकडून कात्री मागवली.

असो. वाचकांपैकी कोणी अशी यादी मागवून पाहिली असेल, तर तीत काय दिसले ते मंडळाला जरूर कळवावे.